व्हिडिओवरून लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी धड्यांचा वेग कसा ठरवावा

मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे लॅटिन हाती घेतात, तेव्हा बहुतेक वेळा एखादी परदेशी व्हिडिओ मालिका हाच त्यांचा आधार असतो. कोल्हापुरात संस्कृत शिकवणारी माणसे चौकशी केल्यास भेटतात. लॅटिनसाठी मात्र पडद्यावरच्या शिक्षकावरच भिस्त ठेवावी लागते. अशा मालिकेबरोबर आठवड्यांचे तयार वेळापत्रक येते आणि नवखे पालक ते जसेच्या तसे भिंतीवर चिकटवतात. अडचण तिथूनच सुरू होते, कारण ते वेळापत्रक इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असते. विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्यात जितका वेळ राखून ठेवलेला असतो, तितका मराठी मुलाला लागत नाही. आणि ज्या ठिकाणी इंग्रजी मुलाला काहीच अडत नाही, अशा काही ठिकाणी आपले मूल हमखास अडखळते. म्हणून वेळापत्रक बाजूला ठेवून स्वतःचा वेग ठरवावा लागतो, आणि तो कसा ठरवावा हे पुढे क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीपूर्वी

व्हिडिओतील शिक्षक इंग्रजीतून बोलत असल्याने मुलाचे वय किती यापेक्षा त्याला इंग्रजी ऐकून कितपत समजते, हे आधी पाहावे. साधे इंग्रजी गोष्टीचे पुस्तक जे मूल स्वतः वाचून मराठीत सांगू शकते, त्याला व्हिडिओसमोर बसवता येते. साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी बरीच मुले या टप्प्याला पोहोचलेली असतात. त्याहून लहान मुलाला शिकवायचेच असेल, तर आईने किंवा वडिलांनी धडा आधी स्वतः पाहून मराठीतून समजावून द्यावा आणि व्हिडिओचा उपयोग फक्त उच्चार ऐकवण्यापुरता करावा. असे केल्यास वेग निम्म्यावर येतो, आणि तो तसा येऊ द्यावा.

त्यानंतर उच्चाराची परंपरा निवडावी. लॅटिनचे उच्चार दोन पद्धतींनी शिकवले जातात. प्राचीन रोममधील उच्चार भाषाशास्त्राच्या आधारे पुन्हा बांधून तयार केलेली ती अभिजात पद्धत, आणि कॅथलिक चर्चमध्ये रूढ असलेली, इटालियन वळणाची ती चर्चची पद्धत. पहिलीत ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ होतो, दुसरीत ‘ई’ आणि ‘आय’ या अक्षरांपूर्वी तो ‘च’ होतो. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतून आपण ज्याला सिसेरो म्हणून ओळखतो, तो वक्ता एकीकडे किकेरो होतो आणि दुसरीकडे चिचेरो. दोन्ही पद्धती योग्य आहेत, परंतु एका मालिकेतून दुसऱ्या मालिकेत उडी मारणाऱ्या मुलाचे पाठांतर या एका कारणाने कोलमडते आणि पालकांना वाटते की वेग जास्त झाला.

अशीच गल्लत विभक्तींच्या क्रमातही होते. अमेरिकी पुस्तकांत तक्ता सहसा प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, पंचमी या क्रमाने येतो, तर ब्रिटिश पुस्तकांत प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी असा येतो. आपल्याकडे शब्द चालवताना जो क्रम तोंडात बसलेला असतो तो तिसराच. माझे मत असे की निवडलेल्या मालिकेचाच क्रम ठेवावा, कारण पडद्यावरचा शिक्षक त्याच क्रमाने म्हणणार आहे. मात्र वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजी संज्ञांसमोर मराठी नावे लिहून ठेवावीत. नॉमिनेटिव्ह म्हणजे प्रथमा, जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, अक्युझेटिव्ह म्हणजे द्वितीया, व्होकेटिव्ह म्हणजे संबोधन. ॲब्लेटिव्हसमोर नुसते पंचमी लिहू नये; का ते पुढे येईल.

संस्कृत आणि लॅटिन ही दोन्ही एकाच वर्षी नव्याने सुरू करू नयेत. एक भाषा वर्षभर मुरली की दुसरी सोपी जाते. दोन्ही कच्च्या असताना मूल एकीचे प्रत्यय दुसरीला लावते.

वर्षाचा हिशेब आधी मांडावा

समजा मालिकेत 32 धडे आहेत आणि आठवड्याला एक धडा असे सुचवलेले आहे. ही संख्या कॅलेंडरवर ठेवून पाहावी. वर्षाच्या 52 आठवड्यांतून उन्हाळी सुट्टीचे पाच, दिवाळीचे दोन, गणपतीचा एक, नवरात्र-दसऱ्याचा एक आणि पाहुणे, लग्नकार्य, आजारपण यांसाठी चार वजा केले तर 39 उरतात. दर पाचवा आठवडा उजळणीसाठी राखून ठेवला, तर नव्या धड्यांसाठी 31 किंवा 32 आठवडे राहतात. इथवर गणित जुळल्यासारखे वाटते. परंतु मालिकेत तीन जागा अशा येतात, की तिथे एका धड्याला तीन आठवडे द्यावे लागतात. ते जादाचे सहा आठवडे काढून घेतले की हाती 26 धड्यांपुरता वेळ उरतो. म्हणजे एका वर्षाची म्हणून विकली जाणारी मालिका आपल्या घरात सव्वा वर्ष चालते. हे पहिल्याच दिवशी मान्य केले, तर जानेवारी-फेब्रुवारीत होणारी ओढाताण टळते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा हिशेब वेगळा मांडावा. त्या परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात. ज्या सत्राला मूल बसणार असेल, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत लॅटिनचा नवा धडा घेऊच नये; रोज दहा मिनिटांचे पाठांतर तेवढे चालू ठेवावे.

एका धड्याचा आठवडा

व्हिडिओ पाहणे हा अभ्यासाचा लहानसा भाग आहे, ही गोष्ट नव्या पालकांच्या लवकर पचनी पडत नाही. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ संपला म्हणजे धडा झाला असे मुलालाही वाटते, कारण पडद्यावर सगळे समजल्यासारखे दिसते. वास्तविक त्या धड्यामागे आठवडाभराचे तोंडी आणि लेखी काम असते. दहा वर्षांच्या मुलासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटे आणि तेराव्या वर्षानंतर पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात. एका दिवशी दीड तास बसवून बाकीचे दिवस मोकळे सोडण्यात मात्र काही हशील नाही.

रविवारी पालकांनी व्हिडिओ स्वतः पाहून थांबण्याच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात. शिक्षक प्रश्न विचारून स्वतःच लगेच उत्तर देतो ती प्रत्येक जागा थांबण्याची समजावी, कारण ते उत्तर मुलाच्या तोंडून आधी यायला हवे. सोमवारी निम्माच व्हिडिओ दाखवावा आणि त्या वेळी मुलाच्या हातात पेन देऊ नये. ऐकणे आणि शिक्षकाबरोबर मोठ्याने म्हणणे एवढेच करावे. मंगळवारी सकाळी, पडदा न लावता, काल काय झाले ते विचारावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. शिकलेले सर्वांत जास्त सुरुवातीच्या काही तासांत निसटते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यात दिसून आले. मंगळवारची सकाळ म्हणूनच महत्त्वाची आहे. ती चुकली आणि उजळणी थेट शुक्रवारी झाली, तर धडा नव्याने शिकवावा लागतो.

मंगळवारी उरलेला व्हिडिओ, बुधवारी शब्द चालवणे आणि शब्दांच्या चिठ्ठ्या, गुरुवारी लेखी वाक्ये आणि शुक्रवारी पुढच्या भागात सांगितलेली चाचणी, असा क्रम ठेवावा. शनिवारी मागच्या महिन्यातील एखादा धडा काढून पाच मिनिटे विचारावा. शब्द चालवताना लाजू नये. पाढे आणि ‘रामः रामौ रामाः’ ज्या ठेक्यात म्हटले जाते, त्याच ठेक्यात ‘पुएल्ला, पुएल्लाइ, पुएल्लाइ, पुएल्लाम, पुएल्ला’ हेही म्हणता येते, आणि आजोबांना ते संस्कृतच वाटले तरी बिघडत नाही.

तांत्रिक बाबी थोड्याच आहेत. व्हिडिओ मोबाईलऐवजी टीव्हीवर लावावा, म्हणजे मुलाच्या हातात यंत्र राहत नाही. एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. शिक्षक भरभर बोलत असल्यास वेग पाऊणपट करावा. आपोआप उमटणारी उपशीर्षके लॅटिन शब्दांच्या जागी ओळखीच्या आवाजाचे इंग्रजी शब्द दाखवतात, म्हणून ती बंदच ठेवलेली बरी.

पुढच्या धड्याला जावे की नाही

वेग ठरवण्याची माझी कसोटी एकच आहे: पडदा आणि वही दोन्ही बंद असताना मुलाला काय येते. शुक्रवारी मुलाने त्या धड्यातील नाम किंवा क्रियापद न अडखळता चालवून दाखवावे, दहा शब्दांपैकी आठांचे अर्थ दोन्ही बाजूंनी सांगावेत आणि धड्यात नसलेली तीन छोटी वाक्ये स्वतः तयार करावीत. शब्दार्थ कमी पडले, पण रूपे आणि वाक्ये जमली, तर पुढे जावे. शब्द पुढच्या धड्यांत पुन्हा येतात आणि वापराने बसतात. रूपे तोंडात बसली नसतील, तर मात्र पुढे जाऊ नये, कारण पुढचा प्रत्येक धडा त्यांच्यावरच उभा असतो. रूपे पाठ आहेत पण वाक्य जमत नाही, अशी तिसरी स्थिती सर्वांत फसवी असते. अशा वेळी व्हिडिओ पुन्हा दाखवून उपयोग होत नाही. घरातल्या गोष्टींवर, म्हणजे स्वयंपाकघर, गोठा, अंगण यांवर, छोटी वाक्ये करून घ्यावी लागतात.

एकाच धड्यावर तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नये. तेवढ्यानंतरही अडत असेल, तर दोष बहुधा त्याच्या मागच्या एखाद्या धड्यात असतो आणि तो शोधून तिथून पुन्हा यावे लागते.

मराठी मूल कुठे धावते आणि कुठे अडते

हा भाग मालिकेच्या पुस्तिकेत सापडणार नाही, म्हणून येथे सविस्तर देत आहे.

पहिले काही धडे आपल्या मुलांना सोपे जातात. नामाला प्रत्यय लागून त्याचे वाक्यातील काम बदलते, ही कल्पना इंग्रजी मुलाला महिनाभर समजावावी लागते. मराठी मूल ती बोलण्यातच वापरत असते. तीन लिंगे, वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, क्रियापदाच्या रूपातूनच कर्ता कळणे, नामामागे उपपद नसणे, यांपैकी काहीही आपल्याला परके नाही. ह्रस्व-दीर्घाचेही तसेच: ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लीबेर’ म्हणजे मुक्त, हे एकदा सांगितले की पुरते, कारण मात्रेने अर्थ बदलतो हे शुद्धलेखनाच्या वहीने आधीच शिकवलेले असते. येथे दोन आठवड्यांचे काम एका आठवड्यात करायला हरकत नाही.

पहिली ठेच द्वितीया आणि चतुर्थी एकत्र येतात तिथे लागते. ‘मुलगी मुलाला पाहते’ आणि ‘मुलगी मुलाला पुस्तक देते’ या दोन्ही वाक्यांत मराठीत ‘मुलाला’ हेच रूप आहे. लॅटिनमध्ये पहिल्या वाक्यात ‘पुएरुम’ ही द्वितीया लागते आणि दुसऱ्यात ‘पुएरो’ ही चतुर्थी. मूल दोन्हीकडे ‘पुएरो’ लिहिते आणि त्याच्या मराठी कानाला ते बरोबर वाटते. यावरचा उपाय असा की प्रत्येक वाक्यात ‘काय दिले’ आणि ‘कोणाला दिले’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, आणि जिथे देण्या-सांगण्याची क्रिया नाही तिथे ‘ला’ दिसला तरी द्वितीयाच वापरायची, अशी सवय लावावी. हा धडा मालिकेत एका आठवड्याचा असला, तरी त्याला तीन द्यावेत.

षष्ठीत एक छोटी खोच आहे. आपल्याकडे ‘मुलीचा, मुलीची, मुलीचे’ असे षष्ठीचे रूप पुढच्या शब्दाप्रमाणे बदलते. लॅटिनमध्ये पुढे पुस्तक असो की घर, ‘पुएल्लाइ’ हेच राहते. मुलांना हे सांगितले की ती खूश होतात. उदाहरण हवे असल्यास कोल्हापूरकरांना उसापलीकडे जावे लागत नाही. त्याचे शास्त्रीय नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम असे आहे, आणि त्यातील दुसरा शब्द ‘ऑफिसिना’ म्हणजे कार्यशाळा या नामाची षष्ठी, अनेकवचन. नाव देणाऱ्यांचा रोख औषधे तयार करण्याच्या जागांकडे होता, तरी ऊस हा ‘कारखान्यांचा’ असल्याचे ऐकून येथील शेतकऱ्याला नवल वाटणार नाही.

ॲब्लेटिव्हवर निवांतपणे थांबावे. संस्कृतात आणि मराठी व्याकरणात तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशी जी तीन कामे वाटलेली आहेत, ती लॅटिनमध्ये या एका विभक्तीकडे आलेली आहेत: तलवारीने, शहरातून, बागेत. वहीत या रूपासमोर तिन्ही मराठी विभक्ती लिहाव्यात आणि प्रत्येक आठवड्यात त्यांतील एकच उपयोग घ्यावा. मालिकेतील शिक्षक तिन्ही एका धड्यात सांगत असेल, तर त्या धड्याचे तीन तुकडे करावेत.

तिसऱ्या गटातील नामे, जिथे ‘रेक्स’ या राजाचे ‘रेगिस’, ‘रेगेम’ असे होते, ती इंग्रजी मुलांना छळतात. आपल्याकडे सामान्यरूप असल्याने निम्मे काम झालेले असते. ‘पाऊस’ला प्रत्यय लागताना ‘पावसाला’ होते, ‘पाऊसला’ होत नाही, हे सांगून ‘रेक्स’ शिकवावा; प्रत्यय ज्याला लागतो ते मूळ षष्ठीत दिसते, म्हणून शब्द पाठ करताना प्रथमा आणि षष्ठी नेहमी जोडीने पाठ करावीत. खरी पंचाईत लिंगाची होते. नदीसाठीचा ‘फ्लूमेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, मुलाच्या मनात मात्र नदी स्त्रीलिंगी असते, आणि ते ‘माग्नुम’ऐवजी ‘माग्ना’ लिहून मोकळे होते. चिठ्ठीवर प्रत्येक नामासोबत लिंग लिहिणे, आणि शक्य तर तीन लिंगांसाठी तीन रंगांच्या चिठ्ठ्या करणे, हे पहिल्या धड्यापासूनच करावे. नंतर सुरू केल्यास फार उशीर होतो.

सर्वांत मोठा थांबा भूतकाळाचा. अपूर्ण भूतकाळ सहज जातो, कारण ‘मुलगी पाहत होती’ यात कर्ता प्रथमेतच असतो. पूर्ण भूतकाळाला मराठीत ‘मुलीने पाहिले’ असे होते. कर्त्याला ‘ने’ लागतो, आणि ‘मुलीने आंबा खाल्ला’ अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या मागे जाते. लॅटिनमध्ये तसे काही होत नाही. ‘पुएल्ला पुएरुम विदेत’ म्हणजे मुलगी मुलाला पाहते, आणि ‘पुएल्ला पुएरुम वीदित’ म्हणजे मुलीने मुलाला पाहिले. कर्ता जागचा हलत नाही. इतके दिवस ‘ने’ म्हटले की ॲब्लेटिव्ह लावायला शिकलेले हुशार मूलच येथे जास्त चुकते, आणि ते ‘पुएल्ला’चा शेवट दीर्घ करून ठेवते. येथे नवे शब्द देणे थांबवावे, ओळखीच्या वाक्यांचे काळ बदलून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी ‘पाहणारे कोण’ असे विचारावे. पुढे कर्मणी प्रयोग येतो तेव्हा हाच गुंता उलट्या बाजूने समोर येतो, म्हणून या दोन धड्यांमध्ये एक उजळणीचा आठवडा असायलाच हवा.

उजळणीचा आठवडा

या आठवड्यात व्हिडिओ लावू नये. मागच्या चार धड्यांतील रूपे म्हणून घ्यावीत, जुन्या चिठ्ठ्या फेटाव्यात आणि एखादे दिवशी घराबाहेर पडावे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती रोमन जगाशी असलेल्या व्यापारातून येथवर आली, आणि ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहातील आहे. रोमन लोक त्या देवाला नेप्तूनुस म्हणत. ‘नेप्तूनुस देउस एस्त’, म्हणजे नेप्तूनुस देव आहे, हे वाक्य पहिल्या महिन्यातले मूलही करू शकते. मोठ्या मुलाने त्याला ‘इन मारी हाबितात’, म्हणजे तो समुद्रात राहतो, हे जोडावे. नाहीतर घराजवळच्या झाडांची शास्त्रीय नावे घेऊन त्यांतील विशेषणांची लिंगे ओळखायला लावावीत.

पावसाळा आणि इतर खंड

2019 आणि 2021 च्या पुरांत कोल्हापुरातील अनेक भागांत वीज आणि इंटरनेट कित्येक दिवस बंद होते. पूर आला नाही, तरी जुलै-ऑगस्टमध्ये वीज जाणे नवीन नाही. म्हणून मालिका परवानगी देत असेल, तर जूनमध्येच पुढच्या आठ-दहा धड्यांचे व्हिडिओ उतरवून ठेवावेत आणि रूपांचे तक्ते कागदावर छापून घ्यावेत. कठीण धडे या दोन महिन्यांत येणार नाहीत अशी मांडणी करता आली तर उत्तम. न आल्यास पावसाळ्यात उजळणी वाढवावी आणि नवे धडे ऑक्टोबरपासून घ्यावेत.

दोन भावंडे एकत्र शिकत असल्यास वेग धाकट्याचा ठेवावा आणि थोरल्याकडून प्रत्येक धड्यावर जास्त लेखन घ्यावे. थोरल्याने धाकट्याला रूपे म्हणून दाखवणे दोघांच्याही फायद्याचे असते, मात्र चाचणी त्यांनी एकमेकांची घेऊ नये.

खंड एक आठवड्याचा असेल, तर सोमवारी शेवटच्या धड्याची शुक्रवारची चाचणी पुन्हा घेऊन पुढे जावे. दोन ते चार आठवड्यांचा असेल, तर तीन धडे मागे जावे आणि दर दोन दिवसांनी एक या गतीने परत यावे. दिवाळी, पाहुणे आणि आजारपण एकापाठोपाठ येऊन दीड-दोन महिने गेले असतील, तर व्हिडिओ न लावता पहिल्या धड्यापासूनची रूपे रोज म्हणायला घ्यावीत; मूल जिथे पहिल्यांदा अडखळेल, त्या धड्याचा व्हिडिओ लावून तिथूनच पुन्हा सुरुवात करावी.